बांधावरचं डांगर

मंजुळाबाईला त्या डांगरातून काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. म्हणजे पुढं तिनं काय काय घालवलं ते ऐकताना गोंधळ नको. मिळणार होतं ते असं: नवमीच्या आरतीला, बारवाई देवीच्या ओट्यावर, सगळ्या हिवरवाडीसमोर एक वात पेटवायची. बस. लुगडं नाही, नारळ नाही, पंगतीत पहिलं पानसुद्धा नाही. वात धरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गाव तिच्या हाताकडं बघणार, आणि त्या गावात तिची थोरली जाऊ मिराबाई उभी असणार. दुसऱ्या कुणी या सौद्याकडं ढुंकूनही पाहिलं नसतं. पण दहा-बारा नवम्या झाल्या, ती वात मिराबाईच पेटवत आली होती आणि दरवेळी मंजुळाबाई गर्दीत उभी राहून टाळ्या वाजवत होती. आरतीच्या टाळ्या त्या, हात आखडून चालत नाही.

रीत जुनी होती. कुरुंद्याच्या सडकेवरून आत वळलं की हळदीच्या रानांत हे गाव लागतं. गावात नवरात्रातल्या नवमीला देवीपुढं सगळ्यात थोरला लाल भोपळा बसवतात. इकडं त्याला डांगर म्हणतात. बसवतात म्हणजे खरोखर बसवतात. देठ वर, बूड खाली आणि बुडाखाली चुंबळ नाही, पाचर नाही, साधा खडाही नाही. देठाभोवती जो खळगा असतो त्यात तुपाची पणती ठेवायची. आरती संपेपर्यंत डांगर हललं नाही, पणती कलंडली नाही, म्हणजे त्या घराचा मान झाला. मग ते चिरून पंगतीच्या भाजीत. वात लावायची ती त्याच घरच्या बाईनं. आणि जी डांगरं बसत नाहीत किंवा लहान ठरतात ती आधी भाजीला जातात. ती चिरायला विळी घेऊन बसायचं तेही त्या त्या घरच्या बाईनं. मंजुळाबाईच्या विळीला या कामाची सवय झाली होती.

लहान डांगर कुणाचंही बसतं. पण देवीपुढं लहान कोण नेणार? आणि मोठं होत गेलं की ते आपल्याच वजनानं पसरतं, एका अंगाला फुगतं, बूड गोल राहिलं तर बैलाच्या मानेसारखं डोलतं. मागच्या साली तर मंजुळाबाईचं डांगर गावभर गाजलं होतं. नजर लागू नये म्हणून तिच्या नवऱ्यानं, सटवाजीनं, डांगर नारळाएवढं असताना त्याला काळा दोरा बांधला. बांधला तो बांधला आणि सोडायचा विसरला. डांगर वाढलं, दोरा वाढला नाही. नवमीपर्यंत त्याची कंबर अशी आवळून आली की गुरव संतराम ते बघून म्हणाला, “सटवाजी, हे देवीला वाहायचं का वाजवायचं?” वर्षभर पोरं सटवाजीला बघून डमरू वाजवल्यासारखा हात हलवत होती.

“औंदा दोरा न्हाई,” मंजुळाबाईनं पेरतानाच सांगून टाकलं होतं. “औंदा तुमचा हातच न्हाई.”

श्रावणातल्या एका सकाळी, पाऊस जरा उघडलेला असताना, ती सुनेला घेऊन बांधावर गेली. उकिरड्याच्या कडेला लावलेला वेल बांधावर चढून पसरला होता आणि त्याला एक फळाचं फूल उमललं होतं, मागं सुपारीएवढी हिरवी गाठ असलेलं. सून आरोही ओच्यात नर फुलं घेऊन उभी राहिली. तिचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, त्यामुळं विचारायची तिला अजून हौस होती.

“हे काहून करायचं, आत्याबाई? माशा करतात की.”

“माशा पावसात घरी बसतात. आन आल्या तरी एका कडंला बसून उडून जातात. मंग डांगर त्या कडंला फुगतं आन दुसरीकडं सुकतं.” मंजुळाबाईनं नर फुलाच्या पाकळ्या खुडून टाकल्या, आतला पिवळा दांडा त्या फुलाच्या तोंडात घातला आणि सावकाश फिरवला. एक फूल झालं, दुसरं घेतलं. भाकरीला तूप लावताना कड सुटू नये म्हणून बोट फिरतं तसा तिचा हात फिरत होता. “आतमधी ही बोंडं हायत, दिसली का? समद्या बोंडांना लागलं पायजे. एक राहिलं तर तेवढं अंग आंधळं राहतं.”

“हे बसंल का नवमीला?” आरोहीनं गाठीकडं बोट केलं.

मंजुळाबाईनं चापट मारून बोट खाली केलं. “वाकव बोट. कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवलं की गळतं.”

“मोबाइलवर फोटो काढला तर?”

मंजुळाबाई विचारात पडली. “त्याला बोट लागतं का?”

“लागतं की.”

“मंग न्हाई.”

फूल धरलं. वेलावर आणखी दोन-तीन फळं धरली होती, पण भादव्यात पाऊस असा बसला की ओढा रानात आला आणि हळदीच्या सऱ्या तुंबल्या. खालची फळं बुडाशी पाणी लागून मऊ पडली, एकेक करून नासली. बांध उंच होता, तिथलं पाणी निथळून जात होतं, म्हणून एवढं एकच राहिलं. मंजुळाबाईनं मग वेलाचं प्रत्येक नवं फूल खुडून टाकलं. सगळा वेल एका पोटी लावला.

आणि ते वाढायला लागलं. संध्याकाळी पाहिलेलं डांगर सकाळी ओळखू येत नव्हतं. ती ओढ्यातून घमेल्यानं वाळू आणायची आणि त्याच्या अंगाखाली सारायची, चिखल लागू नये आणि वाढताना सरकायला जागा राहावी म्हणून. ऊन पडलं की चार काठ्यांवर जुनं लुगडं ताणून सावली करायची. कोवळी साल उन्हानं कडक झाली की आतून पोट वाढतं आणि साल फाटते, हे तिनं एका साली भोगलं होतं. पाऊस ओढ धरून बसला तर रोज सकाळी मोजून पाणी घालायची, एकदम कधी नाही. देठाजवळच्या पेरांनी जमिनीत मुळं धरली होती, ती खुरप्यानं अलगद सोडवून घेतली, म्हणजे डांगराचा खांदा वर आला तरी वेल ओढला जाऊन देठ तुटणार नाही. हे सगळं करताना ती वाकलेली असायची, पायांच्या बोटांत चिखल्या झालेल्या, आणि उठताना एक हात कमरेवर ठेवून आधी थोडी थांबायची. सटवाजी लांबून बघायचा. एकदा म्हणाला, “माझ्या आजारपणात एवढं केलं नव्हतंस.”

“तुमी कुठं वाढून राहिला होता?” ती म्हणाली.

तो हसला. पण खरं तर त्यालाही रात्री झोपताना डांगराचा विचार यायचा. मोठा भाऊ ग्यानोबा ओट्याच्या खाली, पुढच्या ओळीत, टोपी सरळ करून उभा असायचा दरसाल. यंदा ती टोपी जरा वाकडी झालेली त्याला बघायची होती.

अडचण आली ती दगडाची.

दोघा भावांची रानं एका बांधानं तुटलेली. वाटणी झाली तेव्हाच बांधाचं भांडण लागलं. मोजणी आली, मोजणीवाल्यांनी बांधावर हद्दीचा दगड रोवला, आणि दोघांनाही तो चुकीच्या जागी वाटला. शेवटी गावानं बसवून मिटवलं. दोघांनी देवळात बेलभंडार उचलला: दगड आहे तिथंच राहील. ज्याच्या घरचा हात आधी त्या दगडाला लागेल, त्यानं चूक मान्य केली असं धरायचं, आणि बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक हात मागं सरायचं. दोघांनी आनंदानं शपथ घेतली, कारण दोघांनाही खात्री होती की दुसऱ्याला दम निघणार नाही. तेव्हापासून दोन्ही घरची माणसं विंचवाला घालावा तसा त्या दगडाला वळसा घालून जात. गुरं बांधावर चढली तर आधी दगडाजवळून हाकलायची. जावा एकमेकींशी बोलायच्या बंद झाल्या. काही सांगायचंच झालं तर म्हशीला सांगायचं. ऐकणारीला बरोबर ऐकू जायचं.

डांगर बांधाच्या लांबीत आडवं पडून वाढत होतं. देठ वेलाकडं, बूड दगडाकडं. पितृपंधरवड्यात बूड दगडाला टेकलं.

मंजुळाबाईनं वाळू उकरून चार बोटं मागं सरकवलं. चार दिवसांत पुन्हा टेकलं. आता मागं सरकायला जागा नव्हती, सोडवलेल्या पेरांची ढील संपली होती. पुढं दगड अडवत होता, म्हणून डांगर मागं वाढायला लागलं आणि आपलाच देठ रेटायला लागलं. देठ वाकडा झाला. देठ जिथं फळाला जुळतो तिथं एक पांढरी चीर दिसली, केसाएवढी.

तिनं ती चीर सटवाजीला दाखवली, वाकड्या बोटानं.

“देठ गेला की मान गेला,” ती म्हणाली. “खळगाच फुटंल. दगड सरकवावा लागतो.”

सटवाजीनं दगडाकडं पाहिलं, मग पलीकडच्या रानाकडं. “येडी झाली का? हात लावला की हद्द गेली.”

“एक हात जाईल.”

“एक हात रुंद. लांबी बघ ना त्याची. आन ह्या बाजूची चांगली काळी हाय, समदा उकिरड्याचा कस तिथंच उतरलाय. ते दादाच्या घशात घालू? कशासाठी? भाजीसाठी?”

“मजूर लावून सरकवला तर?” आरोही मध्ये म्हणाली.

“मजूर कुणी लावला ते गावाला कळत न्हाई व्हय?” सटवाजी तिच्यावर डाफरला आणि मग आवाज उतरवून बायकोला म्हणाला, “पुढल्या साली बांधापासून लांब लाव. औंदा ऱ्हाऊ दे.”

पुढल्या सालाचं मंजुळाबाई गेली दहा वर्षं ऐकत आली होती.

दुसऱ्या दिवशी ती देठाला ओलं गोणपाट लावत बसली होती, तेव्हा पलीकडून मिराबाई आली. उंच, हाडापेरानं मोठी बाई. डोक्यावर गवताचा भारा तसाच ठेवून ती बांधाच्या तिच्या कडेला उभी राहिली. तिच्या मागं म्हैस होती. मिराबाई म्हशीशी बोलली.

“बघून घे गं, राणी. अशी काया दरसाल येत न्हाई.”

मंजुळाबाईकडं म्हैस नव्हती. तिनं गोणपाटाला सांगितलं, “नजर लावायला आली असंल तर ओलं गोणपाट हाय म्हणावं.”

“नजर कशाला लावू. देठ चार दिवसांत जाईल.” मिराबाई म्हशीचा कान खाजवत होती. “घरचं माझंबी हाय औंदा, पण ह्याच्या पुढं ते लेकरू हाय. आता कुणी दगड सरकवला, तर वाचंल.”

मंजुळाबाईनं वर पाहिलं. आणि म्हैस मधून बाजूला झाली; म्हणजे म्हैस होती तिथंच होती, पण मिराबाई सरळ तिच्याशी बोलली. किती वर्षांनी, ते दोघींनाही आठवलं नाही.

“मी लावते हात,” मिराबाई म्हणाली. “आमच्या घरचा हात लागला, आमी मागं सरू. तुझा देठ वाचला, हद्द वाचली. पण नवमीला वात मी लावणार. डांगर तुझ्या नावाचं, वात माझी.”

सौदा बघा. मंजुळाबाईला हातभर जमीन मिळत होती, डांगर मिळत होतं, नाव मिळत होतं. जायची होती ती फक्त एक वात. मिराबाईनं बरोबर ओळखलं होतं की या सगळ्यात मोलाचं काय आहे. मंजुळाबाईला त्या क्षणी जावेचा राग आला नाही. तिला थोडं बरंच वाटलं. आपल्याला नेमकं काय पाहिजे ते गावात दुसऱ्या कुणाला तरी कळतं.

“न्हाई,” ती म्हणाली.

“देठ जाईल.”

“जाऊ दे. वात देणार न्हाई.”

मिराबाईनं डोक्यावरचा भारा नीट केला. “चल गं राणी,” ती म्हशीला म्हणाली आणि गेली.

सकाळी मंजुळाबाईनं पहार खांद्यावर घेतली. चोरून नाही, दिवस चांगला कासराभर वर आल्यावर, रानात माणसं असताना. पलीकडं ग्यानोबा आणि मिराबाई हळदीतलं गवत काढत होती. अलीकडं सटवाजी बैलांना पाणी दाखवून येत होता. ती बांधावर गेली, पदर कमरेला खोचला. थोरल्या दिरासमोर ती बोलत नसे, म्हणून मिराबाईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

“अक्का, बघून घ्या. हात माझा लागून राहिला. मागून कुणी म्हणू नये.”

आणि तिनं दोन्ही हात दगडावर ठेवले. पुरते, तळव्यांसकट. मग पहार घातली.

सटवाजी बैलं सोडून पळत आला आणि बांधाच्या खाली येऊन थांबला. आता धावून करायचं काही उरलं नव्हतं. दगड मोजणीवाल्यांनी खोल रोवला होता. पहार एकदा निसटली आणि तिच्या पायाच्या अंगठ्याचं नख गेलं. तिनं पाय चिखलात घासला आणि पुन्हा रेटलं. दगड हलला, कलला, शेवटी सटवाजीच्या बाजूला आडवा पडला. डांगराचं बूड मोकळं झालं. दगड टेकला होता तिथं ताटाएवढा चपटा, पांढुरका डाग पडला होता, आणि तोही मधोमध नाही, जरा कडेला. मंजुळाबाईनं त्याच्यावर पटकन वाळू सारली.

ग्यानोबा हात धुऊन बांधावर आला. त्याचा चेहरा लग्नातल्या माणसासारखा झाला होता.

“सटवाजी, देवळातलं बोलणं ध्यानात हाय ना?”

“हाय, दादा.”

“मंग एक हात. टोकापासून टोकापर्यंत.” ग्यानोबानं कोपरापासून बोटापर्यंत आपला हात हवेत धरून दाखवला. त्याचा हात लांब होता. मग त्याची नजर खाली गेली. “म्हणजे हे डांगर आता माझ्या हद्दीत आलं.”

ग्यानोबाला स्वतःलाही ही गोष्ट तेव्हाच सुचली असावी, कारण तो जरा चकित होऊन डांगराकडं बघत राहिला. मंजुळाबाईनं पहार हातात तशीच धरली होती.

“मूळ कुठं हाय त्याचं?” मिराबाई मागून म्हणाली. ती हळदीतून उठलीसुद्धा नव्हती.

“मूळ उकिरड्यात, त्यांच्या,” ग्यानोबा म्हणाला.

“मंग मूळ ज्याचं, डांगर त्याचं. उद्या आपली शेळी त्याच्या रानात इली तर करडू त्याला द्याल? या इकडं, गवत राहिलंय.”

ग्यानोबा गेला. जाताना एकदा त्यानं हात हवेत पुन्हा मोजून पाहिला.

सटवाजी त्या दिवसापासून बायकोशी बोलला नाही. भाकरी आरोहीकडून मागून घ्यायचा. ग्यानोबानं आठवड्यात बांध उकरून एक हात अलीकडं नवा घातला. उकिरड्याची कसदार कड त्याच्यात गेली. फक्त वेलाची मुळं आणि डांगर तेवढं नवमीपर्यंत तसंच ठेवलं. सटवाजीनं ते सगळं ओसरीतून बघितलं. पण मंजुळाबाईनं एक गोष्ट टिपली: उन्हाच्या वेळी डांगरावरचं लुगडं जरा सरकलं की कुणीतरी परत नीट ताणून ठेवत होतं, आणि ती गाठ ना तिची होती, ना आरोहीची.

मोकळं झाल्यावर डांगर असं भरत गेलं की बघणारे बांधावर थांबायला लागले. खांदे सगळीकडून सारखे वर आले, फाका मोजून पाडल्यासारख्या, रंग हळदीत कुंकू कालवल्यासारखा. देठाची चीर वाळून बुजली. घटाच्या माळेला येणाऱ्या बायका वाकडं बोट करून एकमेकींना दाखवायच्या. हिंगोलीला बाजार समितीत हमाली करणारा मंजुळाबाईचा मुलगा सोमेश्वर दसऱ्यासाठी म्हणून नवमीच्या आधीच आला, त्यानं बांधावर जाऊन डांगराला मिठी मारून पाहिली. हात पलीकडं पुरले नाहीत.

फक्त तो बुडाचा डाग. मंजुळाबाईला रोज तो दिसायचा. एवढ्या देखण्या अंगावर दगडानं बसवलेली थाप. तिनं त्याच्यावर तेल चोळलं, राख चोळली. तो आणखीच चमकायला लागला.

नवमीला सोमेश्वर आणि तीन गडी डांगर गोणपाटाच्या झोळीत घालून देवळात घेऊन आले. वाजंत्री होती. ओट्यावर आधी मिराबाईचं डांगर आणून ठेवलेलं होतं. चांगलं, उभं, सरळ, दरसालसारखं. त्याच्या शेजारी मंजुळाबाईचं ठेवलं. संतराम गुरवानं गंध लावायला बोट पुढं केलं, मग मागं घेतलं आणि हात जोडले.

“आता बसवा,” तो म्हणाला.

मंजुळाबाईनं गड्यांना आधीच सांगून ठेवलं होतं: बूड असं वळवायचं की डाग मागं, देवीच्या बाजूला जाईल, माणसांना दिसणार नाही. आणि देठ सरळ, अगदी आभाळाकडं. त्यांनी तसं केलं. हात सोडले. डांगर डुललं.

पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं. पुन्हा डुललं आणि एका अंगाला गेलं. सोमेश्वरनं छातीनं अडवलं म्हणून ओट्यावरून खाली आलं नाही.

“जरा डावीकडं.”

“देठ सरळ करा, देठ.”

“एवढं वजन, बसायचं न्हाई ते.”

लोकांत कुणीतरी डमरूचा हात केला. सटवाजी खांबाला टेकून उभा होता, त्यानं तो बघितला. ग्यानोबानं पुढच्या ओळीत टोपी सरळ केली. संतराम मंजुळाबाईकडं न बघता म्हणाला, “बाई, मोठं हाय, देखणं हाय. पण रीत रीत हाय. न्हाई बसलं तर...” विळ्या कोपऱ्यात मांडूनच ठेवलेल्या होत्या.

मंजुळाबाई डांगरावर हात ठेवून उभी राहिली. बांधाचा हात गेला होता, नवऱ्याचं बोलणं गेलं होतं, पायाचं नख गेलं होतं. हे सगळं तिला एकदम नीट दिसलं, एकाखाली एक.

“ते देठ सरळ करू नका,” मिराबाई म्हणाली.

ती पुढं आली. ओट्याची पायरी चढून तिनं डांगराभोवती एक फेरी मारली आणि मागं, देवीच्या बाजूला, वाकून हात फिरवला. तिनं हे डांगर बांधाच्या पलीकडून एक दिवस न चुकवता पाहिलं होतं. मंजुळाबाईनं काय लपवलं आहे ते तिला माहीत होतं.

“दगडानं बूड दिलंय ह्याला,” ती म्हणाली, “आन तुमी ते उचलून धरून राहिले. ते खाली घ्या. त्याच्यावर बसवा.”

“मंग देठ वाकडा होतो, मिराबाई,” संतराम म्हणाला.

“होऊ दे. पणती खळग्यात राहती, देठावर न्हाई. देठ सरळ पायजे असं कधी ठरलं होतं?”

संतरामनं आठवून पाहिलं. “न्हाई,” तो म्हणाला. “तुमचं सरळ यायचं, म्हणून आमाला वाटलं.”

सोमेश्वर आणि गड्यांनी डांगर फिरवलं. चपटा डाग ओट्याच्या फरशीवर टेकला. कुणी दाबलं नव्हतं तरी एक बारीक आवाज झाला, पाट ठेवल्यासारखा. हात सोडले. डांगर थोडं मागं रेलून बसलं, जेवण झाल्यावर पाटील बसतो तसं. सोमेश्वरनं एका बोटानं ढकलून पाहिलं, मग तळव्यानं, मग खांद्यानं. ते हललं नाही. देठ एका बाजूला कलला होता आणि खळगा परातीसारखा आडवा, सपाट, पणतीची वाट बघत होता.

मिराबाई पायरी उतरून गर्दीत जाऊन उभी राहिली.

मंजुळाबाईनं वात लावली. पहिली काडी विझली. दुसरी लागली. आरती झाली, लांबवली तेवढी लांबली, पणतीतलं तूप एका कडेलाही सरकलं नाही. मंजुळाबाईला खाली बघायचं नव्हतं, तरी तिनं पाहिलं. मिराबाई टाळ्या वाजवत होती. डोळे मिटून, जशा वाजवायच्या तशा.

आरती झाल्यावर, उतरताना, सटवाजी बायकोजवळून गेला. “दादाची टोपी बघितली का?” त्यानं विचारलं. दगड हलला त्या दिवसानंतरचं ते पहिलं बोलणं. नंतर तो बराच वेळ बोलत राहिला, कुणाशी तरी, काहीतरी.

दुसरं डांगर, मिराबाईचं, आधी चिरायला गेलं. रीतच होती. ती कोपऱ्यात विळीवर जाऊन बसली. एवढ्या वर्षांत तिनं देवळातली विळी धरली नव्हती, त्यामुळं तिला बसायला जागा कुठं असते तेही माहीत नव्हतं. बायकांनी सरकून दिली. थोड्या वेळानं मंजुळाबाई आली आणि तिच्यासमोर दुसरी विळी ओढून बसली.

“तू काहून आलीस? तुझं हाय की बसलेलं.”

“मला इथली सवय हाय.”

दोघी चिरत राहिल्या. मंजुळाबाई साल भराभर उतरवत होती, मिराबाईची फोड जाड जात होती.

“तुमचं दरसाल सरळ कसं बसतं, अक्का?”

मिराबाईनं फोड परातीत टाकली. “मुठीएवढं असताना उभं करती. देठ वर. खाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवती. ते त्याच्यावरच वाढतं, बूड आपोआप चपटं येतं.”

मंजुळाबाईचा हात विळीवर थांबला. एवढी वर्षं वाळू, लुगडं, गोणपाट; आणि फरशीचा एक तुकडा. आणि यंदा नकळत तेच काम दगडानं केलं होतं.

“म्हणजे तवा बांधावर बूड टेकलेलं बघितलं, तवाच तुमाला ठाऊक होतं.”

“व्हय.”

“मंग वात काहून मागितली? आन आज काहून सांगितलं?”

“बांधावर मागितली, ती तुझ्याशी सौदा होता. तू न्हाई म्हणलीस, सौदा मोडला.” मिराबाईनं विळीवरचं बी बाजूला सारलं. “आज ते डांगर होतं. त्याला विळीवर घ्यायचं म्हणजे...” तिनं पुढची फोड उचलली. “फरशी घेऊन जा उद्या. मोकळीच हाय.”

तर हिशेब असा झाला. बांधाचा हात सटवाजीचा गेला, टोकापासून टोकापर्यंत. तो ग्यानोबाच्या पदरात पडला, उकिरड्याच्या कडेसकट. म्हणजे पुढल्या सालची चांगली माती मिराबाईकडं, आणि तिची फरशी मंजुळाबाईकडं. तो खेळ पुढं बघू. वात मंजुळाबाईला मिळाली, तिच्यासाठी तिनं मोजलं ते मागं आलंच आहे. पण जिच्याकडं त्या डांगराचं काहीही निघत नव्हतं, तिनंच त्या दिवशी सगळ्यात जास्त भरलं. परातभर डांगर चिरून झाल्यावर मिराबाईचे हात चिकट होऊन आखडले होते. त्यापोटी तिला परत आलं ते एवढंच: धाकट्या जावेनं बारवेवरून आणलेलं एक तांब्या पाणी, हळूहळू ओतलेलं, बोटं सुटी होईपर्यंत.